बिचेस ब्रू: तीन सकाळी आणि एक ब्लेड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, लोकलमध्ये नेटवर्क जातं, हेडफोन घरी राहतात, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात झालेली माझी अडखळ तेवढी काढलीये, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका किश्शापासून करू. जो झाविनुल नावाचा पियानोवादक होता. मूळचा ऑस्ट्रियाचा, व्हिएन्नाचा, नंतर अमेरिकेत स्थायिक झालेला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्यानं माइल्स डेव्हिसबरोबर एका रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं. काम संपल्यावर दोघं एकाच गाडीतून परत निघाले, आणि झाविनुल गप्प. माइल्सनं विचारलं, का रे, बोलत का नाहीस? झाविनुल म्हणाला, आपण जे वाजवलं ते मला आवडलं नाही. विषय तिथंच संपला.

पुढे काही काळानं झाविनुल रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसात गेला होता. तिथं एक सेक्रेटरी काहीतरी जबरदस्त संगीत लावून बसली होती. हा थबकला आणि विचारलं, हे कोण वाजवतंय? तिनं चकित होऊन सांगितलं, अहो, हे तुम्हीच आहात! ही ‘बिचेस ब्रू’ आहे.

हा किस्सा झाविनुल स्वतःच सांगायचा, त्यामुळे थोडा रंगवला असेलही. पण आपल्या आजच्या भागाचा सगळा प्रश्न त्यात आहे. ज्याने वाजवलं त्याला स्वतःचं वाजवणं ओळखू येत नाही, असं कसं होईल? स्टुडिओत जे घडलं आणि रेकॉर्डवर जे आलं, त्याच्यामध्ये नेमकं काय झालं?

‘बिचेस ब्रू’बद्दल तुम्ही कुठेही वाचा, एक वाक्य भेटतंच: सगळं ऐनवेळी, न ठरवता, उत्स्फूर्त वाजवलेलं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॅझ ज्यांनी फारसं ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या पद्धतीच्या जॅझमध्ये एक गाणं असतं, समजा ३२ मात्रागटांचं, आणि त्याच्या खाली ठरलेल्या कॉर्ड्सची एक साखळी. आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग ती साखळी गोल गोल फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आपली उपज करतो. आपल्याकडच्या आवर्तनाची आठवण येईल तुम्हाला. फरक एवढाच की इथं प्रत्येक आवर्तनात खालची जमीन ठरलेल्या क्रमानं बदलत राहते, आणि वादकाला त्या बदलाबरोबर पाय टाकावा लागतो.

माइल्स डेव्हिस या पद्धतीत वाढला, तिच्यात शिखरावर गेला आणि मग तिलाच कंटाळला. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्येच त्यानं कॉर्ड्सची गर्दी कमी केली होती. एकेक स्वरसप्तक घ्यायचं आणि त्यावर निवांत फिरायचं. साठच्या दशकाच्या शेवटी तो त्याच्याही पुढं निघाला. वय त्रेचाळीस, नाव मोठं, पण तरुण पोरं रॉक ऐकत होती आणि जॅझच्या मैफिलीतल्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या होत्या. बायको बेटी हिच्यामुळे तो जिमी हेन्ड्रिक्स आणि स्लाय स्टोन ऐकायला लागला. कोट-टाय गेले, रंगीबेरंगी कपडे आले. आणि बँडमध्ये साध्या पियानोच्या जागी इलेक्ट्रिक पियानो आला.

तेव्हाचा त्याचा बँड म्हणजे वेन शॉर्टर सॅक्सोफोनवर, चिक कोरिया इलेक्ट्रिक पियानोवर, डेव्ह हॉलंड बासवर आणि जॅक डिजॉनेट ड्रम्सवर. गंमत म्हणजे या पाच जणांनी मिळून, फक्त पाच जणांनी, स्टुडिओत एकही आल्बम केला नाही. म्हणून चाहते त्याला हरवलेला क्विंटेट म्हणतात. हा बँड १९६९ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ज्वाँ-ले-पँ इथल्या महोत्सवात वाजवत होता. त्या कार्यक्रमांत ‘माइल्स रन्स द व्हूडू डाउन’ होतं, ‘स्पॅनिश की’ होतं, ‘सँक्चुअरी’ होतं. ही तिन्ही नावं लक्षात ठेवा. महिन्याभरानं ती ‘बिचेस ब्रू’वर येणार आहेत. म्हणजे स्टुडिओत कोणी कोऱ्या पाटीनं गेलं नव्हतं. मुख्य मंडळींच्या हातात या रचना स्टेजवर मळून तयार होत्या.

आता तारखा बघा. वुडस्टॉक तुम्हाला माहीतच असेल, तो चिखलातला प्रचंड रॉक महोत्सव. सोमवारी, १८ ऑगस्ट १९६९ ला सकाळी जिमी हेन्ड्रिक्स तिथं शेवटचा वाजवून उतरला. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी १९ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओ बी मध्ये माइल्सचं रेकॉर्डिंग सुरू झालं. १९, २० आणि २१. तीन दिवस, आणि तेही फक्त सकाळचे काही तास. जॅझवाले आणि सकाळ! पण होतं खरं तसं.

खोलीत माणसं किती होती? माइल्स धरून बारा. आपल्या क्विंटेटभोवती त्यानं आणखी माणसं जमवली होती. झाविनुल दुसऱ्या इलेक्ट्रिक पियानोवर. इंग्लंडहून त्याच वर्षी आलेला जॉन मॅक्लाफ्लिन गिटारवर. हार्वे ब्रुक्स इलेक्ट्रिक बासवर, म्हणजे बास दोन झाले. एकोणीस वर्षांचा लेनी व्हाइट ड्रम्सवर, म्हणजे ड्रमर दोन झाले. डॉन अलायस आणि जुमा सँटोस तालवाद्यांवर. आणि बेनी मॉपिन बास क्लॅरिनेटवर. हे वाद्य एकदा लक्ष देऊन ऐका. विहिरीच्या तळाशी कोणीतरी पुटपुटतंय असा आवाज. या आल्बमचं सगळं गूढपण मला तरी त्या एका वाद्यात दिसतं. तिसऱ्या दिवशी लॅरी यंग तिसरा इलेक्ट्रिक पियानो घेऊन आला आणि आकडा तेरावर गेला.

माइल्सनं काय लिहून आणलं होतं? फार थोडं. एखादी बासची ओळ, एखाद्या धूनचा तुकडा, वेग कसा हवा ते. तबल्याच्या साथीला लेहरा असतो ना, हार्मोनियमवर तीच ओळ पुन्हा पुन्हा, तसं इथं बासचं काम. ती ओळ खाली घट्ट धरलेली आणि वर बाकीच्यांनी फिरायचं. ‘स्पॅनिश की’मध्ये स्वरांचे पडाव ठरलेले आहेत, पण पुढच्या पडावावर कधी जायचं ते वाजवणाऱ्याच्या इशाऱ्यावर. आणि या सगळ्यांच्या मध्ये माइल्स, जवळपास कंडक्टरसारखा. एकाला हात करायचा, दुसऱ्याला थांबवायचा, चुटकीनं लय द्यायचा. हेडफोन लावून आल्बमचं शीर्षकगीत ऐकलंत तर त्याच्या चुटक्या आणि त्या खरखरीत, बसलेल्या आवाजातल्या सूचना अधूनमधून सापडतात. त्या पुसल्या नाहीत कोणी.

आत्मचरित्रात त्यानं सांगितलंय की प्रोड्यूसर टिओ मासेरोला त्यानं आधीच बजावलं होतं: टेप चालू ठेव, सगळं घे, मध्ये येऊन प्रश्न विचारू नकोस. आज आपल्याला यात काही वाटत नाही. फोनवर रेकॉर्ड दाबलं की झालं. पण तेव्हाची नेहमीची पद्धत वेगळी होती: टेक एक, टेक दोन, चुकलं की थांबा, पुन्हा. इथं सराव, चूक, अर्धवट सुरुवात, कोणीतरी वाट चुकून दुसरीकडंच गेलेलं, सगळंच टेपवर.

दुसऱ्या दिवसाची गोष्ट तर सांगायलाच हवी. २० तारखेला ‘माइल्स रन्स द व्हूडू डाउन’ घ्यायचं होतं. वाजवून बघितलं, जमेना. पुन्हा वाजवलं, जमेना. खालचा ताल माइल्सला हवा तसा बसत नव्हता. डॉन अलायस कोपऱ्यात काँगा घेऊन बसला होता. ड्रमसेटवर नव्हता तो, हे लक्षात घ्या. पण त्याच्या डोक्यात एक ताल घोळत होता. न्यू ऑर्लिन्सला मार्डी ग्रा नावाचा उत्सव असतो, रस्त्यावर मिरवणुका, ब्रास बँड, ड्रम. आपल्या गणपतीत ढोल-ताशाचं पथक जसं चालता चालता वाजवतं आणि त्या वाजवण्यातच चालणं असतं, तसे तिथले ताल. अलायसनं तिथं ऐकलेला एक ताल हात साफ करत बसवला होता. त्यानं धीर करून सांगितलं, माझ्याकडे एक आहे. माइल्स म्हणाला, बस आणि दाखव. अलायस लेनी व्हाइटच्या ड्रमसेटवर बसला, वाजवून दाखवलं, आणि माइल्सनं त्याला तिथून उठू दिलं नाही.

आज आपण ते गाणं ऐकतो तेव्हा पहिल्या सेकंदापासून पायाला जे होतं ते त्या तालामुळे. जड, सुस्त, डुलत चाललेली चाल. ती काढली तर वरच्या ट्रम्पेटला उभं राहायला जागा नाही.

आता रेकॉर्डवर रचनाकार कोण लिहिलंय? माइल्स डेव्हिस. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, तेव्हाचा आणि आत्ताचाही नियमच तो आहे. धून लिहिणारा रचनाकार, ताल देणारा साथीदार. झाविनुलच्या ‘फॅरोज डान्स’वर झाविनुलचं नाव आहे, शॉर्टरच्या ‘सँक्चुअरी’वर शॉर्टरचं. बाकी सगळं माइल्सचं. पण जिथं लिहिलेली धून जेमतेम आहे आणि गाणं उभंच तालावर राहिलंय, तिथं हा नियम मला अपुरा वाटतो. लेनी व्हाइटचंही वाईट वाटतं. एकोणीसावं वर्ष, एवढी मोठी संधी, आणि तुझ्या सीटवर काँगावाला!

तर तीन सकाळी संपल्या. टेपांची रिळं जमली. वादक आपापल्या वाटेला गेले, झाविनुल गाडीत गप्प बसून घरी गेला. आणि इथून दुसरा भाग सुरू होतो.

टिओ मासेरो हा नुसता कंपनीचा माणूस नव्हता. ज्युलियार्डमध्ये शिकलेला, स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा, स्वतः संगीतरचना करणारा. माइल्सबरोबर त्याचं अनेक वर्षांचं काम होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या ‘इन अ सायलेंट वे’ या आल्बमवर त्यानं एक प्रयोग करून बघितला होता. शीर्षकगीताची शांत सुरुवात त्यानं टेपवर कॉपी केली आणि तीच जशीच्या तशी शेवटी जोडली. ऐकणाऱ्याला वाटतं, बँडनं किती सुंदर परत येऊन समेवर सोडलं. बँड परत आलाच नव्हता. टेप आली होती.

‘बिचेस ब्रू’वर हेच काम कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालं. कसं करायचे ते समजून घेऊ, कारण आपल्याला कट-पेस्टची इतकी सवय आहे की त्यातला घाम दिसत नाही. चुंबकीय टेप असते, लांबलचक पट्टी. स्टुडिओत ती बहुतेक वेळा सेकंदाला १५ इंच या वेगानं पळते. म्हणजे एक सेकंद संगीत म्हणजे दोन वितींना थोडी कमी एवढी पट्टी. संपादकानं दोन्ही रिळं हातानं मागेपुढे फिरवत नेमकी जागा ऐकायची, पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा आणि दुसरा तुकडा आणून चिकटपट्टीनं जोडायचा. अनडू नाही. आणि एखादा तुकडा दोनदा हवा असेल तर आधी तो दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्यायचा, कारण पट्टी एकच आहे.

आता ‘फॅरोज डान्स’ लावा. आल्बमची पहिली बाजू, वीस मिनिटं. अभ्यासक एन्रिको मर्लिन यांनी त्यातले जोड मोजले, तर ते निघाले १९. सुरुवातीच्या काही मिनिटांतच तेच तुकडे पुन्हा आलेले आहेत. साधारण पावणेनऊ-नऊ मिनिटांच्या आसपास तर जेमतेम सेकंदभराचा एक तुकडा लागोपाठ येतो, अडकलेल्या सुईसारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझं ॲपच अडकलं. आणि झाविनुलनं लिहिलेली मुख्य धून? ती माइल्सच्या ट्रम्पेटवर पूर्ण, स्पष्ट यायला सोळा मिनिटं उलटावी लागतात. बंदिश आधी नि विस्तार नंतर या आपल्या सवयीला हे अगदी उलटं आहे. आधी विस्तार, विस्तार, विस्तार, आणि घरी जायच्या वेळेला मुखडा.

ही उलटी मांडणी वादकांनी खोलीत केली नाही, ती टेबलावर झाली. शीर्षकगीत तर मुळातच तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड केलेलं. २७ मिनिटं, रेकॉर्डची एक अख्खी बाजू. त्याच्या सुरुवातीला ट्रम्पेटचा तो गुहेत घुमल्यासारखा आवाज आहे ना, तो टेपच्या प्रतिध्वनीनं आलाय. माइल्स एकदा फुंकतो आणि ते तीन-चारदा दूर जात राहतं. आणि ‘जॉन मॅक्लाफ्लिन’ नावाचं छोटंसं गाणं, ज्यात माइल्स वाजवतच नाही? ते याच शीर्षकगीताच्या रेकॉर्डिंगमधून कापून काढलेलं आहे. शिंप्यानं उरलेल्या कापडाचा खिसा शिवावा तसं.

आता झाविनुलचं कोडं सुटतं बघा. त्यानं वाजवलं ती एक सकाळ होती: थांबत, चाचपडत, बारा जणांच्या कोलाहलात आपलं ऐकू येतंय की नाही याची खात्री नसताना. ऑफिसात त्यानं ऐकली ती त्या सकाळीची निवड होती. सूर त्याचेच, पण त्यांच्या मागेपुढे जे होतं ते बदललेलं.

मग हे संगीत कोणाचं? मासेरो नंतरच्या मुलाखतींत सांगायचा की संपादनाची त्याला पूर्ण मोकळीक होती आणि माइल्स एडिटिंगच्या खोलीत क्वचितच यायचा. माइल्सचं म्हणणं अगदी दुसऱ्या टोकाचं. आत्मचरित्रात त्यानं चिडून लिहिलंय की हा आल्बम मासेरोची किंवा कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिसची कल्पना होती असं जे म्हणतात ते खोटं आहे.

माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलतायत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. कल्पना कोणाची, याचं उत्तर माइल्स. त्याच्याशिवाय त्या खोलीत ती माणसं आली नसती, तशी वाजली नसती. आकार कोणाचा, याचं उत्तर देताना मासेरोचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पण आल्बमच्या पुढ्यात दिसतो एकच माणूस. पांढऱ्या लोकांच्या कंपनीत काम करणाऱ्या काळ्या कलाकाराचं श्रेय नेहमीच कोणी ना कोणी पळवायचं, हा त्या देशाचा इतिहास माहीत असेल तर माइल्सची चीड समजते. तरी मासेरोचं काम खरं आहे. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवणं मला अजून नीटसं जमत नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

पुढचं भराभर. मार्च १९७० च्या शेवटी दोन रेकॉर्डचा संच बाहेर पडला, मुखपृष्ठावर माती क्लारवाइनचं ते स्वप्नासारखं चित्र. त्याच महिन्यात माइल्स न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये रॉकच्या प्रेक्षकांसमोर वाजवून आला होता, नील यंगच्या आधी! आल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत ३५ व्या जागेपर्यंत गेला, ग्रॅमी मिळालं, १९७६ मध्ये गोल्ड झाला. जुने जॅझवाले भडकले, विकला गेला म्हणाले. त्यांच्यातले काही शेवटपर्यंत म्हणत राहिले.

आणि खोलीतली माणसं बाहेर पडून ज्याला आपण फ्यूजन म्हणतो ते अख्खं दशक घडवायला लागली. झाविनुल आणि शॉर्टरनं ‘वेदर रिपोर्ट’ काढला. कोरियानं ‘रिटर्न टू फॉरएव्हर’, आणि त्यात पुढे ड्रम्सवर कोण? लेनी व्हाइट. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. मॅक्लाफ्लिननं आधी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला, आणि मग सगळी वीज बंद करून, साधी गिटार घेऊन तो ‘शक्ती’मध्ये बसला. शेजारी एल. शंकर, विक्कू विनायकराम आणि आपल्या माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन. ‘शक्ती’वर वेगळा भाग करायचाच आहे, त्यामुळे आज तिथं शिरत नाही. एवढंच सांगतो की माइल्सनंही त्याच १९६९ च्या नोव्हेंबरात पुढच्या रेकॉर्डिंगला सतार बोलावली होती, आणि १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये बादल रॉय यांचा तबला आहे.

१९९८ मध्ये कंपनीनं चार सीडींचा एक खोका काढला, ‘द कम्प्लीट बिचेस ब्रू सेशन्स’. नावावर जाऊ नका. त्यात ऑगस्टच्या मूळ, न कापलेल्या टेपा नाहीत. आहे तो संपादित आल्बमच नव्यानं मिक्स केलेला आणि जोडीला नंतरच्या महिन्यांतलं रेकॉर्डिंग. मासेरो अशा खोक्यांवर नाराज होता. आम्ही जे बाजूला टाकलं ते कशाला बाहेर काढता, असा त्याचा सूर असायचा. एका अर्थी तो आपल्या ब्लेडचीच बाजू घेत होता.

आता ऐकायचं कसं, ते सांगतो. एका दमात ९४ मिनिटं ऐकायला जाऊ नका, चिडाल. आधी ‘माइल्स रन्स द व्हूडू डाउन’ लावा, चौदा मिनिटं. पहिल्यांदा फक्त ड्रम्स ऐका, अलायसची चाल. दुसऱ्यांदा मॉपिनचं बास क्लॅरिनेट शोधा. मग ‘लाइव्ह इन युरोप १९६९’ या नावानं आलेल्या संचात हेच गाणं ज्वाँ-ले-पँच्या कार्यक्रमातलं आहे, ते लावा. पाचच माणसं, न्यू ऑर्लिन्सचा ताल अजून आलेला नाही, ब्लेडही नाही. वेग जास्त, सगळं अंगावर येणारं. हेच गाणं स्टुडिओत जमत का नव्हतं आणि मग कशानं जमलं, ते त्या दोन ट्रॅकच्या मधल्या फरकात ऐकू येतं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, बास अजिबात कळणार नाही. आणि हेडफोनचे दोन्ही कान लावा, कारण दोन ड्रमर वेगवेगळ्या बाजूंना बसवलेत.

‘फॅरोज डान्स’मध्ये तो अडकलेला तुकडा सापडला की मला नक्की कळवा. ॲप बंद करून परत चालू करणारा मी एकटाच नसेन. चला, पुढच्या भागात भेटू.